प्राचीच्या पाठवणीची गाडी

रविवार, सकाळचे अकरा. मुर्धा, खाडीच्या बाजूला सलीमभाईचं पत्र्याचं गॅरेज. मी स्कूटरचा ब्रेक दाखवायला गेलो होतो. आत माझा जुना मित्र हरेश पाटील एका लांबलचक, उघड्या टपाच्या परदेशी गाडीसमोर हात जोडून उभा. गाडी त्याच्या आजोबांच्या वयाची!

मी आयुष्यभर वार्ताहर म्हणून वणवण केली. बातमी संपादक कापतो; किस्से कोणी कापत नाही, म्हणून साठत जातात. या एका गाडीने तर ढीग लावलाय.

हरेशच्या घरची मिठागरं होती. ती गेली, पैसे आले, त्यातून त्याने ही गाडी घेतली. कारण एकच. मुलगी प्राची सासरी जाईल ती याच गाडीतून, असा त्याने तिला शब्द दिला होता.

*

आधी ट्रायल म्हणून पुतण्याची वरात काढली. वरात चालते मुंगीच्या वेगाने. जुनं इंजिन तापलं, रेडिएटर उकळला, बॉनेटमधून पांढरा धूर!

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. एका काकूंनी हरेशला विचारलं, "स्मोक मशीन भाड्याने मिळतं का हो?"

*

मग सलीमभाईने आतलं सगळंच बदलायला घेतलं. नवं इंजिन, पॉवर स्टिअरिंग, ऑटोमॅटिक गिअर, डिस्क ब्रेक. वर एसी!

"उघड्या गाडीत एसी?" मी विचारलं.

"साहब, दुल्हा शेरवानी में उबलता है. कम से कम पाँव तो ठंडे रहें!"

*

दुसरी ट्रायल पालीला, हरेशच्या भाच्याच्या वरातीत. चालवायला हरेश स्वतः. आवडतं गाणं लागलं तसा तो गाडी थांबवून नाचायला उतरला. गिअर मात्र ड्राइव्हमध्येच! ऑटोमॅटिक गाडी ब्रेकवरून पाय काढला की आपोआप सरकते, हे त्याच्या ध्यानातच नाही.

गाडी निघाली बँडच्या मागे. बँडवाले घाबरून भराभर चालायला लागले, तशी वाजवण्याची लयही वाढली. नवरदेव मागच्या सीटवरून ओरडतोय, "मामा, ब्रेक! ब्रेक!"

धावत जाऊन हरेशने ब्रेक दाबला. बँडमास्तर घाम पुसत म्हणाला, "शेठ, वेळेत पोहोचलेली ही पहिलीच वरात!"

*

प्राचीचं लग्न तोंडावर आलं असताना, आतून-बाहेरून धुऊनपुसून आणलेली गाडी रस्त्यात आरटीओच्या एका तपासणी अधिकाऱ्याने अडवली. बॉनेट उघडायला लावलं.

"गाडी जुनी की नवी?"

"भायेरून जुनी, आतून नवी."

"मग ही ती गाडीच नाही. इंजिन बदललंय."

हरेश भडकला. "माझ्या बापाच्या काळजात स्टेंट हाय. मग बाप बदलला काय?"

"वडिलांना पासिंग लागत नाही," अधिकारी म्हणाला. गाडी सरकारी यार्डात गेली.

*

इंजिन बदलाच्या परवानगीचा अर्ज हरेशने केव्हाच दिला होता. मी आरटीओच्या कार्यालयात जाऊन टेबलावर हात आपटला. अर्ज कुणाकडे आहे? साहेबांकडे. साहेब कुठे आहेत? मीटिंगमध्ये. मीटिंग कशाची? प्रलंबित अर्जांची!

शेवटी साहेब भेटले. मी म्हणालो, "मुलीचं लग्न आहे हो. बापाने शब्द दिलाय."

साहेबांनी मनापासून विचार केला. म्हणाले, "लग्न पुढे ढकलता येईल का?"

*

लग्न ठरल्या दिवशीच झालं. प्राची मामाच्या व्हॅनमधून सासरी गेली. निघताना म्हणाली, "पप्पा, रडू नका. माझे केस तरी उडणार नाहीत." हरेश हसला, आणि व्हॅन वळणाआड गेल्यावर तिथेच कट्ट्यावर बसला.

*

काही आठवड्यांनी परवानगी आली. हरेश, सलीमभाई आणि मी यार्डात गेलो. पहारेकऱ्याने ताडपत्री ओढली. "एक इंच हलली नाही हो गाडी. किल्ली ऑफिसच्या कपाटातच होती."

हरेशने मागचं दार उघडलं आणि तसाच उभा राहिला. सीटच्या फटीत अक्षता अडकल्या होत्या. खाली चुरगळलेल्या मोगऱ्याचा गजरा. दाराच्या आतल्या बाजूला वाळलेल्या हळदीचा अख्खा पंजा, बाईचा, लहानसा.

"ये किसकी शादी हुई?" सलीमभाईने विचारलं.

पहारेकरी गेटकडे बघत राहिला.

हाच प्रश्न मी त्या कार्यालयाला लेखी विचारला. स्मरणपत्रंही दिली. गाडी यार्डातून बाहेर गेलीच नव्हती, एवढंच ते लिहून देतात. पंजा कोणाचा, ते अजून कोणी सांगितलेलं नाही.