आपली वही आपल्या हातात

भूतानहून आणलेलं चीज आठवड्यात संपलं. किस्से काही संपत नाहीत. दर रविवारी मॅच झाली की कोणीतरी एक किस्सा काढतो, दुसरा त्यात दुरुस्ती करतो आणि तिसरा विचारतो, "तू तिथे होतास तरी का?" मी होतो. मी टीमचा स्कोअरर, आणि माझ्याकडे सगळं लिहिलेलं आहे.

आमचा क्लब विठ्ठलवाडीचा. आमच्या मैदानावर एका वेळी तीन मॅच चालतात आणि अंपायर बॅटिंग करणाऱ्यांचाच असतो. तिथे वीस वर्षं काढली की माणूस प्रसादसुद्धा हुंगून खातो. म्हणून क्लबचा नियमच आहे: बॉल आपला, बेल्स आपल्या, टेप आपली आणि स्कोअरची वही आपली. समोरच्यांची वही काहीही म्हणो, आपली खरी. मी शाळेत गणित शिकवतो. परीक्षेला तीस पोरांच्या पेनांवर एकदम नजर ठेवायची सवय, म्हणून वही माझ्याकडे.

भूतानची टूर काढलेली अप्पासाठी. अप्पा कल्याण मार्केटातला कांद्याचा व्यापारी, आमचा सगळ्यात जुना बॅट्समन. सत्तावीस वर्षं खेळला आणि फिफ्टी एकही नाही. दोनदा एकोणपन्नासवर गेला. डॉक्टर म्हणाले, गुडघा संपला, हा सीझन शेवटचा. कोणीतरी सुचवलं की भूतानात क्रिकेट अजून नवीन आहे, बोलिंग सोपी असेल. त्यावर अप्पा म्हणाला, "सोपी आहे हे तुला कोणी सांगितलं? आणि का सांगितलं?" पण आला.

*

पहिल्या दिवशी थिंफूमध्ये रस्ता ओलांडायला उभे राहिलो, तर समोरची गाडी थांबली. आपण होऊन!

आमचा कॅप्टन सुहास राहतो घोडबंदर रोडला. त्याने हात आडवा धरून सगळ्यांना अडवलं. म्हणाला, "हलू नका. आपण मध्ये गेलो की हा गाडी सोडणार." ड्रायव्हर थांबलेला, आम्ही थांबलेलो. मागे सहा-सात गाड्या लागल्या तरी एकाने हॉर्न वाजवला नाही. मग तर आमची खात्रीच पटली की यांचं आपसात काहीतरी ठरलंय.

शेवटी पांढरे हातमोजे घातलेला पोलीस आला. सुहासचं मनगट धरून त्याने त्याला पलीकडे नेऊन सोडलं, आजोबांना सोडतात तसं. पलीकडे पोचल्यावर सुहास मला म्हणाला, "त्या गाडीचा नंबर लिहून ठेव." लिहिलाय. वहीत आहे.

*

पहिल्या मॅचच्या आधी अप्पाने आपली टेप काढून पिच मोजली. बावीस यार्ड. दुसऱ्या टोकाकडून मोजली, तरी बावीस. त्यांचा कॅप्टन दोरजी, भलताच अदबीचा माणूस, टेपचं टोक धरायला स्वतः वाकलेला. अप्पा माझ्या कानाशी लागला, "बरोबर आहे रे. इतकी बरोबर कशी काय?"

त्याच मॅचमध्ये त्यांच्या ओपनरच्या बॅटची कड लागून बॉल कीपरकडे गेला. कड इतकी बारीक की आमच्यात कोणाला कळलंच नाही, अपीलही नाही. आणि ओपनर ग्लोव्ह्ज काढत चालायला लागला. सुहासने विचारलं, किधर? तो म्हणाला, "आउट हूँ सर, लगा था."

सुहासने सगळ्यांना गोळा केलं. आमच्याकडे दांडी उडाली तरी बॅट्समन हलत नाही, वारा होता म्हणतो. हा आपण होऊन का जातोय? अप्पाने उलगडा केला. पुढचा बॅट्समन कोणीतरी खतरनाक असणार, त्याला आणायला याला मुद्दाम काढतायत. सगळ्यांना पटलं. सुहासने हात जोडून ओपनरला परत बोलावलं.

त्याने पुढे साठ मारले. तो गेल्यावर तो खतरनाक बॅट्समन आला आणि पहिल्याच बॉलला बोल्ड झाला. त्याची ती आयुष्यातली दुसरी मॅच होती म्हणे. आम्ही हरलो.

*

दुसऱ्या मॅचला आमची बॅटिंग आधी झाली आणि मग जेवण. लाल भात, चीजमधल्या मिरच्या, बटाटे, वर आग्रह. फिल्डिंगच्या आधी एवढं जेवू घालतात म्हणजे झोपवायचा डाव, हे सांगायला नको. आम्ही दोन-दोन घास खाऊन उठलो. आम्हाला आवडलं नाही असं वाटून दोरजीला फार वाईट वाटलं. एवढं अन्न वाया जाऊ नये म्हणून ते सगळं त्यांनीच संपवलं.

त्यानंतर त्यांच्यातल्या कोणालाही दोन रन पळता आले नाहीत. ती मॅच आम्ही जिंकलो.

*

शेवटची मॅच. अप्पा ओपनिंगला गेला आणि असा खेळला की मी त्याला तसं कधी पाहिलेलं नाही. स्कोअरच्या टेबलाशी माझ्या शेजारी पेमा मॅडम, तिथल्याच एका शाळेतल्या शिक्षिका. त्यांच्या टीमची वही त्यांच्याकडे, आपली माझ्याकडे. मी एक डोळा मैदानावर ठेवलेला आणि एक त्यांच्या पेनावर.

बाराव्या ओव्हरला त्या हळूच म्हणाल्या, "सर, आपका एक रन छूट गया." मी ओळखलं, घोळात घ्यायचा डाव. म्हटलं, "मॅडम, प्लीज, डिस्टर्ब मत कीजिए." त्या आपल्या वहीकडे वळल्या. तेवढ्यात अंपायरने ओव्हर पुकारली. माझ्या वहीत पाचच बॉल. मी लगेच समासात लिहिलं: अंपायरने एक बॉल खाल्ला, जाब विचारणे. तिथून त्यांचा बोर्ड माझ्यापेक्षा एक रन पुढे. आमच्याच टीमला एक रन जास्त देतायत म्हणजे काहीतरी शिजतंय नक्की!

मग माझ्या वहीत अप्पा एकोणपन्नासवर आला आणि अख्खं मैदान टाळ्या वाजवायला लागलं. त्यांचे फिल्डर हात मिळवायला धावले. अप्पाने माझ्याकडे पाहिलं. मी एक बोट दाखवलं, अजून एक. अप्पा समजला की आपलं लक्ष उडवतायत. त्याने कोणाशी हात मिळवला नाही, बॅट वर केली नाही, खाली मान घालून स्टान्स घेतला. पुढच्याच बॉलला कॅच गेला.

अप्पा आत येऊन पॅड सोडून बसला. कोणाला त्याच्याजवळ जायची हिंमत होईना. आमची इनिंग संपून लंच झाला तसा दोरजी आला, म्हणाला, काँग्रॅच्युलेशन्स, फिफ्टी. अप्पा त्याला ठीक आहे म्हणाला आणि तो गेल्यावर मला म्हणाला, "पाहुणा म्हणून एक रन दिला रे त्यांनी. दान केलेली फिफ्टी मला नको. आपली वही एकोणपन्नास म्हणते ना? मग एकोणपन्नास."

मी वही मिटून टाकू शकलो असतो. सत्तावीस वर्षांत अप्पाने माझ्या वहीवर कधी शंका घेतली नव्हती. पण त्याच्या पायातून सुटून पडलेले ते पॅड बघवेनात. मी बारावी ओव्हर उघडून त्याच्यापुढे धरली. अप्पाने बोट ठेवून बॉल मोजले. पाच. मग समासातलं वाचलं. मग पुन्हा मोजले.

"मास्तर," तो म्हणाला, "तो सहावा बॉल पडला तेव्हा तू काय बघत होतास?"

"त्यांचं पेन," मी म्हणालो. आयुष्यात इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

अप्पाने एकेक करून पॅड पुन्हा बांधले, बॅट घेतली आणि लंगडत मैदानाच्या मधोमध जाऊन उभा राहिला. लंच चालू होता. दोरजीने त्याला पाहिलं, हातातली प्लेट खाली ठेवली आणि काही न विचारता टाळ्या वाजवायला लागला. मग त्याची टीम उठली, आमची उठली. अप्पाने बॅट वर केली.

इकडे पेमा मॅडम वहीत काहीतरी लिहीत होत्या. काय लिहितायत तेवढं मी जरा बघून घेत होतो.

मैदानातून अप्पाचा आवाज आला, "मास्तर, आता तरी इकडे बघ!"