आत्याचा गवताचा पट्टा

आयुष्यात एकदाच मी न सांगता दुसऱ्याच्या कामाला हात लावला आणि आत्याची नऊ वर्षांची मेहनत तासाभरात भुईसपाट केली. अख्खी नाही, बत्तीस पावलं.

झालं असं, की सुट्टीत मी आत्याच्या शेतावर गेलो होतो. तिच्या गव्हाला लागून ओढा आहे आणि ओढ्याकाठी कमरेएवढं गवत माजलेलं. आत्या बाजारात गेली होती. म्हटलं, एकट्या बाईला कुठं जमणार, आपण साफसूफ करून ठेवू, खूश होईल. गवत कापायचं मशीन काढलं आणि जो सुटलो, तो पेट्रोल संपल्यावरच थांबलो.

आत्याने आल्या आल्या आधी गवताकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"कुणी सांगितलं होतं?"

"कुणी नाही. मीच."

"वाटलंच. सांगून एवढं कुणी करत नाही."

मग कळलं, की ते गवत माजलेलं नव्हतं, राखलेलं होतं. ओढ्याकाठचा पंधरा फुटांचा पट्टा नांगरायचा नाही, पाखरांची पिल्लं उडून जाईपर्यंत कापायचा नाही. त्याबद्दल सरकार जमीनमालकाला अनुदान देतं. दहा वर्षांचा करार. अट मोडली की करार रद्द. आणि तपासणीच्या बाई उद्याच यायच्या होत्या!

आतोबा गेले तेव्हा आत्याचा दीर म्हणाला होता, "वहिनी, शेती तुम्हाला झेपायची नाही, मी बघतो." त्यानंतर आत्याने स्वतःच्या नावाने पहिली सही केली ती या करारावर. लोकांना वाटायचं, काही न करण्याचे पैसे घेते. पण काही न करणं काय खायचं काम आहे? शेजाऱ्याच्या शेळ्या हाकला, दिराचा ट्रॅक्टर अडवा, "रान किती घाण ठेवलंय" म्हणणाऱ्या जाऊबाईंना "आधी तुमचं अंगण झाडा" असं सुनवा. नऊ वर्षं हे चाललं होतं.

आत्या पट्ट्यातून चालत गेली. मशीन थांबलं होतं तिथून चार पावलांवर घरटं होतं, चार अंडी.

"तुझ्यापेक्षा पेट्रोलला अक्कल जास्त," ती म्हणाली.

"आत्या, शेळ्यांनी खाल्लं म्हणू या का?"

"शेळ्या इतक्या सरळ रेषेत खात नाहीत रे."

तिने थेट कार्यालयात फोन लावला. "माझ्या भाच्याने पट्टा कापलाय. हो, शिकलेला आहे, म्हणून तर." मग खुंट्या आणि दोरी घेऊन ती ओंब्या भरत आलेल्या गव्हात शिरली.

दुसऱ्या दिवशी तपासणीच्या बाईंनी टेप लावला. कपाळाला आठ्या पडल्या. "आजी, असं झालं तर करार..."

"कलम अकरा," आत्या म्हणाली. "आधी कळवलं आणि तेवढीच जागा बदली दिली, तर चालतं. तो बघा, गव्हात दोरी लावलीय. तेवढा गहू पाखरांचा."

बाईंनी तोही मोजला. "अहो, हा हातभर जास्त भरतोय."

"राहू दे. भाचा माझा आहे ना, तेवढा दंड."

बाई हसल्या आणि त्यांनी सही केली. करार मोडतोय का ते बघायला दिराचा ट्रॅक्टर बांधावर उभा होता. तो गुपचूप मागे वळला.

निघताना बॅग उचलत मी हळूच विचारलं, "आत्या, पुढचं वर्ष दहावं. मदतीला येऊ का?"

"ये, पण हात घरी ठेवून ये."