सगळ्यात जुनं काम

पोंभुर्ण्याला नगरपंचायतीत नळजोडणीच्या अर्जासाठी मी रांगेत उभा होतो. माझ्यापुढे पन्नाशीची एक बाई होती. तिच्या नखांच्या कडेला पांढरं सिमेंट बसलेलं. उभ्या उभ्या ती भिंतीच्या टाइल्सवर बोटाने टकटक करून आवाज ऐकत होती.

स्वयंपाकघरं आणि न्हाण्या नव्याने करून देण्याचा परवाना मागायला ती आली होती. परवाना नाही म्हणून इतकी वर्षं तिने एका ठेकेदाराच्या नावावर काम केलं होतं.

खिडकीमागच्या बाबूने, म्हणजे कारकुनाने, तिचे कागद चाळले. "बाई, ठेकेदाराचा अनुभवाचा दाखला कुठी आहे?"

"तो देत नाई, भाऊ. देल्ला तं मी त्याच्या हातून सुटतो ना!"

मग तिने पिशवीतून अकरा चिठ्ठ्या काढल्या. ज्यांच्या घरी काम केलं त्यांनी लिहून दिलेल्या. कुठे सही, कुठे अंगठा.

बाबू त्या घेऊन आत गेला. थोड्या वेळाने साहेबच बाहेर आले. "चिठ्ठ्या चालतील. पण एक काम मला प्रत्यक्ष पाहावं लागेल. कोणतं दाखवता?"

"सगळ्यात जुनं पाहा, साहेब. नवं तं सगळ्यांचंच चांगलं दिसते."

तिने जंगलापलीकडचं एक गाव सांगितलं, साहेबांनी त्याचं नाव लिहून घेतलं. पोचपावतीची घडी करून तिने ती पिशवीत ठेवली.

महिन्याभराने मी पुन्हा गेलो, तेव्हा फलकावर परवानाधारकांची नवी यादी लागली होती. सगळ्या पुरुषांच्या नावांत बाईचं नाव एकच होतं, तिचं. ते मी दोनदा वाचलं आणि आमची गळकी न्हाणी कोणाकडून करून घ्यायची, हे तिथेच ठरवून टाकलं.