आमची डावी बाजू

आधीच सांगून टाकते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई नाही. शाळेत गणित शिकवते. कॉलनीत कुणाच्या अंगात आलं की बाकीच्या बायका हात जोडतात आणि मी पंखा फुल करते — गर्दीत गुदमरली असेल बिचारी! या सदरातले लोकांचे अनुभव वाचते, ते पिंपळ, ती रिकामी घरं... आणि हसून पान उलटते. म्हणून हे लिहिताना लाज वाटतेय. पण लाजेपेक्षा मोठं काहीतरी मनात बसलंय, ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय हलणार नाही.

यात भूत नाही. दोन बायका आहेत, दोघी जिवंत, आणि एकाच घरात राहतात.

घर जबलपूरला, विजय नगरमध्ये. खाली आम्ही, वर गच्ची. यांची नोकरी रिछाईच्या एका कारखान्यात, सकाळी जातात ते संध्याकाळी येतात. मुलगी बंगलोरला. त्यामुळे दिवसभर घरात मी आणि माझ्या सासूबाई. त्यांना मी आईच म्हणते. मूळच्या वरुडकडच्या. लग्न होऊन जबलपूरला आल्या त्याला जन्म लोटला, फाटकाबाहेर फर्राटेदार हिंदी बोलतात, पण घरात त्यांचं वऱ्हाडी 'काहून' काही सुटलेलं नाही.

आईंना पन्नाशीत डाव्या बाजूला कॅन्सर झाला होता. मी तेव्हा नवीनच सून. ऑपरेशन झालं, डावा स्तन पूर्ण काढला. पुढे काय, हे कुणी विचारलं नाही आणि त्यांनीही विचारलं नाही. घरी आल्यावर त्यांनी जुन्या साडीची एक पिशवी शिवली, कापूस भरला, वजनाला मूठभर मूग टाकले, आणि ती ब्लाउजमध्ये ठेवायला लागल्या. एकदा पावसात भिजून आल्या तर दोन दिवसांनी मुगाला मोड आले! ती गोष्ट त्या स्वतःच हसून सांगायच्या. "माय वं, छातीवर शेती केली मी." आम्हीही हसायचो.

मग माझं निघालं. मलाही डाव्याच बाजूला. रक्ताचं नातं नाही, त्यामुळे यात चमत्कार काही नाही. किती बायकांना होतं हल्ली.

नागपूरच्या डॉक्टरबाईंनी आम्हाला समोर बसवलं — मी, हे आणि आई. स्तन काढावा लागेल, पण त्याच ऑपरेशनमध्ये पोटाची चरबी आणि कातडी वापरून नवा करता येईल, म्हणाल्या. किंवा सिलिकॉनचा. किंवा काहीच नको असेल तर तेही चालेल, पुष्कळ बायका तसंच राहतात. "तुम्हाला काय हवंय?" असं त्यांनी मला विचारलं. नुसतं विचारलं. आणि शेजारी आई बसल्या होत्या, एक बाजू मुगाची.

मी म्हणाले, पोटाचा करा.

ते म्हणताना आईंकडे बघायची हिंमत झाली नाही. जीव वाचवायला आले होते आणि मला शेप हवा होता. अठ्ठेचाळीस वर्षांच्या बाईला! पण हवा होता, खोटं कशाला बोलू.

ऑपरेशन दिवसभर चाललं. घरी आले तेव्हा पोटावर या कमरेपासून त्या कमरेपर्यंत टाके, जखमेतलं पाणी जायला दोन नळ्या लटकलेल्या, ताठ उभं राहता येईना. वाकून म्हातारीसारखी चालायचे आणि माझी खरी म्हातारी ताठ चालत मला धरून न्यायची. नळ्यांच्या डब्या आईंनी रिकाम्या केल्या. गुडघ्याखाली उशी आईंनी लावली. पहिल्यांदा पट्टी सुटली तेव्हा आरसाही त्यांनीच धरला.

"छान केला न बापा," त्या म्हणाल्या. "अगदी खरा."

खरा दिसायचा. पण लागायचा नाही. हात लावला तर जणू दुसऱ्या कुणाच्या अंगाला हात लावतेय. डॉक्टरबाईंनी सांगितलंच होतं, नसा कापल्या जातात, बाजू बधिर राहते, कधीकधी वर्ष-दोन वर्षांनी थोडंफार परत येतं, कधी येत नाही. गरम काही जवळ ठेवू नका, भाजलं तरी कळणार नाही, हेही बजावलं होतं.

डिसेंबर होता. वाकून चालल्यानं माझी पाठ धरायची. एका दुपारी गरम पाण्याची पिशवी पाठीखाली घेऊन पडले. आई वर गच्चीत उन्हात बसल्या होत्या. माझा डोळा लागला. झोपेत कुशीवर वळले असेन, पिशवी कशी कोण जाणे पुढे आली...

जाग आली ती आईंच्या ओरडण्यानं. गच्चीवरून "जळलं, जळलं!" करत त्या जिन्यानं धावत खाली आल्या. एक हात स्वतःच्या डाव्या बाजूवर दाबलेला. सरळ माझ्या खोलीत आल्या आणि माझ्या छातीवरची पिशवी ओढून फेकली.

खाली कातडी लालभडक झाली होती. एक फोड आलाच. अजून थोडा वेळ गेला असता तर नवी कातडी गेली असती, असं नंतर डॉक्टरबाई म्हणाल्या.

मी आईंना विचारलं, "तुम्हाला कसं कळलं?"

त्या पलंगावर बसून धापा टाकत होत्या. "मला कुठं काय कळलं? माझं जळून राहिलं होतं."

"मग माझ्याकडे कशा आल्या?"

आईंनी पदरानं कपाळ पुसलं. मग म्हणाल्या, "तुझ्या ऑपरेशनपासूनच येऊन राहिलं. इतकी वर्षं नुसतं लाकूड होतं इथं. आता तू अंगावर पाणी घेतलं की मला समजते. टॉवेलनं पुसलं की समजते. म्हटलं, सांगून काय करू? तू हसशील."

मी हसले नाही, पण विश्वासही ठेवला नाही. योगायोग. म्हातारं माणूस, काळजीत असतं, मनाचे खेळ होतात. यांना संध्याकाळी सांगितलं तर हेही तेच म्हणाले.

पण गणिताच्या बाईला पडताळा हवा असतो. दुसऱ्या दिवशी आई स्वयंपाकघरात भाजी चिरत असताना मी बाथरूमचं दार लावलं आणि कपड्यांचा चिमटा नव्या बाजूला लावला. मला काहीच जाणवलं नाही. स्वयंपाकघरातून आवाज आला — "माय वं!"

चिमटा काढला. शांत. पुन्हा लावला.

"सुनीता, काय करून राहिली गं तू आत?"

मी दार उघडलं नाही. नळ सोडला आणि रडले. कारण भीतीचं नव्हतं. ज्या बाईनं माझ्या नळ्या उपसल्या तिला मी चिमटा लावून बघत होते. तोही दोनदा!

त्यानंतर अंघोळीला मी फार जपून हात फिरवायला लागले. लोक आपल्या अंगाला जपतात, मी माझ्या अंगावर आईंना जपायचे.

उन्हाळ्याच्या आधी डॉक्टरबाईंनी पुढचं विचारलं. आता जखमा भरल्या आहेत, हवं असेल तर कातडीचंच स्तनाग्र करता येईल. भोवतीचं वर्तुळ टॅटूनं रंगवता येईल. उजवी बाजू जरा खाली आहे, ती छोटीशी सर्जरी करून बरोबरीला आणता येईल. घाई नाही, सक्ती नाही. "आणि डावीकडे तर तुम्हाला सुई कळणारसुद्धा नाही," त्या हसून म्हणाल्या.

मला कळणार नव्हती, तेच तर!

मला हवं होतं. आरशात ती बाजू अजून अर्धवट वाटायची, डोळे नसलेल्या चेहऱ्यासारखी. टॅटूची तारीख घेतली. मग शाळेच्या परीक्षांचं कारण सांगून रद्द केली. पुन्हा घेतली, पुन्हा रद्द केली. हे वैतागले. "करायचंय की नाही, एकदा ठरव ना."

एक दिवस आईंनीच मला धरलं. मी कपडे घडी करत होते, त्या समोर येऊन बसल्या.

"काहून टाळून राहिली नागपूरचं?"

"जाऊ द्या हो आई. या वयात कुणाला दाखवायचंय?"

"खरं सांग."

मग सांगितलं. सुई माझ्या अंगात जाणार आणि कळ तुम्हाला येणार, तीही माझ्या हौसेसाठी. मला नाही जमणार.

मला वाटलं, त्या डोळे पुसतील, पाठीवर हात ठेवतील. आई भडकल्या. असं चिडलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"मला विचारलं? तेव्हाही मला कोणी नाही विचारलं. डॉक्टर तुझ्या सासऱ्याशी बोलला, सासरा माझ्या भावाशी बोलला. आणि आता तूही माझं परस्पर ठरवून राहिली?"

"पण दुखेल तुम्हाला..."

"दुखू दे न! लाकडाला दुखते का कधी? इतक्या वर्षांनी तिथं काही आहे असं वाटून राहिलं मला. चलो, तारीख घे. मीपण येते."

आम्ही दोघी नागपूरला गेलो. उजव्या बाजूला हात लावू द्यायचा नाही, हे मी ठरवलं होतं. कातडी कापून स्तनाग्र करायचं नाही, हेही. फक्त टॅटू. आई म्हणाल्या, तेवढं पुरे.

टॅटू करणारी मुलगी नागपूरचीच, बोलकी. रंगांचे नमुने पुढे ठेवले. मी एकावर बोट ठेवलं.

"हा नको," आई म्हणाल्या. "हा गुलाबी आहे. आपल्याकडे असा नसते. हा घे, जरा जांभळट." आणि मग खाली बघत म्हणाल्या, "माझा असाच होता."

तोच घेतला.

मी टेबलावर निजले, आई बाजूच्या खुर्चीत बसल्या. मशीन सुरू झालं. मला नुसती घरघर ऐकू येत होती. मी मान वळवून आईंकडे बघत होते. सुई टेकली की त्यांच्या बोटांची पकड खुर्चीच्या हातावर घट्ट व्हायची. सुई उचलली की सैल. त्यांचे डोळे मिटलेले होते, म्हणजे बघून करत होत्या असंही नाही. थोड्या वेळानं त्या मुलीच्याही ध्यानात आलं. तिनं माझ्याकडे बघितलं, आईंकडे बघितलं, सुई हवेत धरून थांबली. आईंची बोटं सुटली. तिनं हळूच टेकवली. बोटं आवळली.

ती मुलगी पांढरी पडली. "आजी, तुम्हाला... थांबू का?"

"नाही बेटा," आई डोळे न उघडता म्हणाल्या. "फक्त थोडं हळू."

त्यानंतर तिनं काम फार हळुवार केलं. आम्ही निघताना ती माझ्या नव्हे, आईंच्या पाया पडली.

परतीच्या गाडीत आई खिडकीला टेकून बसल्या होत्या. थकल्या होत्या. मी म्हणाले, "सॉरी आई." त्या म्हणाल्या, "काहून? मस्त झालं." आणि पदराखाली हात घालून झोपल्या.

पुढचं वर्ष-सव्वा वर्ष बरं गेलं. आम्हाला सवयच झाली. मी अंघोळीला कोमट पाणी घ्यायचे तर बाहेरून आवाज यायचा, "अजून जरा गरम घे न." आई खुशीत असायच्या. मुगाची पिशवी त्यांनी कधी टाकून दिली, मला कळलंही नाही.

यंदा होळीच्या आधीची गोष्ट. मी स्वयंपाकघरात भजी तळत होते. आई बाहेरच्या खोलीत मेथी निवडत होत्या. कढईतून तेल उडालं, एक थेंब गळ्याच्या खाली, डाव्या बाजूला पडला.

"आई गं!"

झारा हातातून पडला. आणि मग लक्षात आलं, ओरडले ती मी होते.

आई दारात आल्या. "काय झालं?"

"तेल उडालं."

"कुठं?"

मी दाखवलं. त्यांनी आपल्या डाव्या बाजूवर हात ठेवला. दाबून बघितलं. वर, खाली, काखेकडे... अंधारात भिंतीवर बटण चाचपतात तसं.

"मला तर काही नाही समजलं," त्या म्हणाल्या. मग, "तुला लागलं न? खरं सांग."

खोटं बोलायचं होतं. पण डोळ्यांत पाणी आलेलं त्यांना दिसतच होतं. "हो आई."

"चांगलं लागलं?"

"हो."

"चलो... बरं झालं. तुझं तुला आलं."

त्या परत जाऊन बसल्या. गॅस बंद करून मी दारापर्यंत गेले. निवडून झालेली मेथी त्यांनी पुन्हा पुढे ओढली होती आणि एकेक काडी पुन्हा निवडत होत्या.

तेव्हापासून आईंना काही जाणवलेलं नाही. मी विचारत नाही, त्याच सांगतात, "आजपण नाही." मला मात्र रोज थोडं थोडं जास्त कळतं — पाणी, पदर, उन्हाळ्यातला घाम. डॉक्टरबाई खूश आहेत. नसा वाढल्या म्हणतात, होतं असं. मला आनंद होतो, आणि झाला की मी मान खाली घालते.

माझ्या नसांचं उत्तर त्यांच्याकडे आहे. आईंचं कुणाकडेच नाही. मी डॉक्टरबाईंना सगळं सांगितलं, गरम पिशवीपासून टॅटूपर्यंत. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, असं होऊ शकत नाही. मीही हेच म्हटलं असतं. पण त्या घरात नव्हत्या. मी होते, आणि जे आईंना आयुष्यात एकदा परत मिळालं होतं ते माझ्या अंगात आलंय, असंच मला रोज अंघोळीला वाटतं.