चित्राच्या कोपऱ्यातले कुंकू

"आमच्या बाबांनी हौसेनं स्वतःच्या हातानं कुंकू लावलं त्या चित्राला, म्हणून ते वापस गेलं नाही. आता तेच बसतात तोंड फुगवून."

हे वाक्य माझ्या सुनेचे. घरी येणारा प्रत्येक पाहुणा ते चहाबरोबर ऐकतो, आणि मुलगा मान डोलावतो. मी समोरच बसलेला असतो. मला ही हकिकत मान्य नाही. का नाही, ते एकदा लिहून ठेवणे भाग आहे.

पत्नी गेल्यावर सिंधीपुऱ्यातले घर बंद करून मी मुलाच्या नव्या घरी राहायला आलो. दोन घरांचे एक घर होण्याची ती वर्षे. माझी भांडी माळ्यावर गेली, पलंग भंगारवाल्याकडे गेला. मी चकार शब्द काढला नाही. मागितले एवढेच, की तिचा फोटो बैठकीच्या दर्शनी भिंतीवर लागावा. सून म्हणाली, "बाबा, नुसता हारवाला फोटो तिथं बरा नाही दिसत. एक पेंटिंग ऑनलाइन मागवू, आणि बाजूला आईंचा फोटो." मी होकार दिला.

चित्र मोबाइलवर निवडले गेले. नदीचा घाट, संध्याकाळ, निळेशार पाणी. मी आयुष्यभर कापड विकले आहे. ठाण दुकानातल्या दिव्याखाली कितीही खुलून दिसले, तरी गिऱ्हाइकाला आम्ही ते दारात नेऊन उन्हात दाखवत असू. मी म्हणालो, "या रंगामागे दिवा आहे. आणि निदान भिंत तरी मोजा." टेपही आणून दिली. मुलगा हसला. "बाबा, सोफ्याच्या वर लावून दाखवलंय ना त्यात. साइज दिसतेय की." तो सोफा आमचा नव्हता. हे मी बोलेपर्यंत ऑर्डर गेलेली होती.

पार्सल दुपारी आले. घरी मी एकटा होतो, हे खरे. मी ते दाराशी उतरवून घेतले आणि तसेच भिंतीला टेकवून ठेवले. संध्याकाळी मुलाने ते फोडले आणि आपल्याकडे कोणतीही नवी वस्तू ठेवतात तसे देवघरासमोर उभे केले. पाणी जांभळट निघाले. रुंदी एवढी, की शेजारी फोटोला जागाच उरेना. रात्री जेवताना एकमत झाले: हे परत करायचे, लहान मागवायचे. त्या एकमतात मी सर्वांत आधी होतो.

परत न्यायला आलेल्या माणसाने चित्र उलटसुलट पाहिले आणि खालच्या कोपऱ्यातल्या लाल ठिपक्यावर बोट ठेवले.

"अंकल, इसकी तो पूजा हो गई. ये वापस नहीं जाएगा."

सुनेने ओले फडके आणून पुसले. कुंकू चित्राच्या कापडात पसरून ठिपक्याचा डाग झाला. मुलगा म्हणाला, "बाबा, तुम्ही तर चित्राचं लग्नच लावून दिलं." सून त्या माणसाला म्हणाली, "हमारे ससुरजी रोज पूजा करते हैं ना, भैया." झाले. उंबरठ्यावर एवढ्याशा अवधीत माझा निकाल लागला. मी बोललो नाही, कारण जे सांगावे लागले असते ते परक्या माणसासमोर सांगण्यासारखे नव्हते. माझ्या गप्प बसण्याला त्यांनी कबुली मानले.

पूजा मी करतो, म्हणून कुंकू माझे. हा त्यांचा सगळा पुरावा. या घरात स्कूटर आली, कूलर आला, मिक्सर आला, तेव्हा प्रत्येकाला कुंकवाचे बोट कोणी लावले, ते मी पाहिलेले आहे. सून खोटे बोलते असे मी म्हणत नाही; सवयीने केलेले काम हाताला कळते, डोक्याला नाही. पण चित्र राहिल्याने नुकसान कोणाचे झाले, याचा तरी विचार व्हावा. भिंत चित्राने व्यापली. पत्नीचा फोटो आता मधल्या बोळात, वॉशिंग मशीनच्या वर आहे. मशीन फिरू लागले की तो हलतो, आणि मी जाऊन सरळ करतो. जो फोटो लावण्यासाठी मी या घरात तोंड उघडले, त्याचीच जागा मी स्वतःच्या बोटाने घालवली, असे पाहुण्यांना सांगितले जाते.

पाहुण्यांनी माझ्या पूजेत डोकावून पाहावे. देवांना मी गंध लावतो, हळद आणि पांढऱ्या अक्षता वाहतो. देवीपुढचे कुंकू सून वाहते, आणि ते मी का वाहत नाही, हे तिने कधी विचारलेले नाही. तापीच्या घाटावर बायकांनी मला पुढे बोलावले आणि मी पत्नीच्या कपाळावर अखेरचे कुंकू लावले. त्या दिवसानंतर माझ्या हाताने कुंकवाला स्पर्श केलेला नाही.