टिचकी मारून बेक

वर्षानुवर्षं माणसं एकत्र डबा खात असली की किस्से आपोआप साचतात. उद्यमबागेतल्या आमच्या फौंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, निम्मे किस्से 'बेक' या एकाच शब्दाभोवती साचलेत. आम्ही वाळूत तेल कालवून तिचे ठोकळे पाडतो आणि ओव्हनमध्ये कडक करतो. ओतलेल्या लोखंडात पोकळी राहावी म्हणून ते साच्यात ठेवतात; त्यांना कोअर म्हणतात. शेंगा भाजतात, भाकरी भाजतात, वीटसुद्धा भाजतात. पण कोअर भाजला असं कुणी म्हणत नाही. तो बेकच होतो. का, ते मला अजून कळलेलं नाही.

मी कामाला लागलो तेव्हा खानापूरकडच्या गावात आईनं विचारलं, "काय करतोस रं तितं?"

"वाळू बेक करतो."

"आणि खातंय कोण?"

*

ओव्हनवर मारुती अण्णा असतात. कोअरला नखानं टिचकी मारायची. टण् वाजला तर पास, नाही तर परत आत. एकदा कॅम्पातल्या बेकरीत त्यांनी पावालाच टिचकी मारली.

"हे कच्चं हाय."

बेकरीवाला म्हणाला, "अण्णा, वाजणारं पायजे तर टोस्ट घ्या."

*

दिवाळीला वडगावच्या बायका नानकटाईचे ट्रे घेऊन बेकरीत रांग लावतात. आमच्याकडं कोअर बनवणारी शकुआक्का त्या रांगेला वैतागली. "अण्णा, आपला ओव्हन दुपारी रिकामाच असतोय की."

"नानकटाईला तेलाचा वास लागला तर तू खाशील गं. कोअरला तुपाचा लागला तर साहेब मला इचारतील."

*

अण्णांची लेक सुनीता केक करायला शिकली. पहिली ऑर्डर आमच्या साहेबांच्या वाढदिवसाची. "चांगला झाला तर कंपनीतले सगळे वाढदिवस तुझ्याकडं," असं साहेबांनी सांगितलेलं. पोरगी लई टेन्शनमध्ये.

अण्णांना त्या दिवशी सेकंड शिफ्ट, म्हणून सकाळी घरीच. सुनीता केक ओव्हनमध्ये ठेवून क्रीम आणायला शहापूरला गेली. "अण्णा, बेक झाला की काढा."

अण्णांनी काढला. टिचकी मारली. वाजला नाही. परत आत.

दुपारी कंपनीत साहेबांची सुरी क्रीममधून गेली आणि खाली अडकली. सुनीताच्या डोळ्यांत पाणी आलं. मलाही फार वाईट वाटलं. अण्णांना मात्र काही कळेना. "वाजवून काढलाय, साहेब."

साहेबांनी केकला टिचकी मारली. टण्! मग एक तुकडा मोडून चहात बुडवला आणि सावकाश खाल्ला.

"सुनीता, सोमवारी माझ्या नातीचा वाढदिवस. केक सकाळी कर."

शिफ्ट मी लावतो. साहेब माझ्याकडं वळले. "सोमवारी अण्णांना फर्स्ट शिफ्ट लाव."