माणूस आणि सायकल

अमरावतीच्या आमच्या घरामागचा कडुनिंब स्वयंपाकघरावर कलला, तेव्हा पाहणीला आलेल्या नगरपालिकेच्या ओव्हरसियरसाहेबांनी सोला हॅट सावरत तो पाडायला सांगितलं. आईला तो पाडायचा नव्हता. म्हणून मी बडनेऱ्याच्या झाडवैद्याला बोलावलं. संत्र्याच्या बागांतून आजारी झाडं तपासत फिरणारा हा माणूस झाडांशी हळू बोलायचा आणि माणसांवर खेकसायचा.

त्यानं कुऱ्हाडीच्या पाठीनं खोड ठोकलं, कान लावला.

"पडेल का?" मी विचारलं.

"तुमी काहून भिऊन राहिले, मास्तर? झाडाले घाई नसते. घाई सायबाले असते."

मग आईकडून बाज मागून त्यानं ती झाडाखालीच टाकली आणि भर वाऱ्यात दोन तास घोरत पडला. तेवढ्यावर आईनं झाड राखलं.

पण निजण्याआधी खोडाला टेकवलेली आपली सायकल त्यानं उचलून फाटकाबाहेर नेऊन ठेवली होती. ते फक्त मी पाहिलं.

आई अजून त्याच झाडाखाली स्वयंपाक करते. त्या माणसावर विश्वास ठेवावा की त्याच्या सायकलीवर, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.